उतरलेले झेंडे

तीन क्रूझरांपैकी एक टॉर्पेडो लागून बुडाली होती, आणि तिच्यावरची माणसं उत्तर समुद्राच्या बर्फगार पाण्यात हातपाय मारत होती. "कुणासाठीही थांबायचं नाही, पूर्ण वेगानं निघा," असा हुकूम ॲडमिरलनं सोडला, आणि त्याच्या जहाजावरच्या एमस ट्रेव्हेनानं त्या हुकुमाचे झेंडे तिसऱ्या क्रूझरसाठी डोलकाठीवर चढवले. आरमाराची रीतच अशी, की झेंडे चढले म्हणजे नुसती तयारी. ते खाली आले, की त्या क्षणी अंमल.

पाण्यातल्या माणसांत एमसचा धाकटा भाऊ जॉरी होता.

"ट्रेव्हेना, उतरव ते झेंडे!" ॲडमिरल गरजला. "हात थिजले का तुझे?"

"दोरी अडकलीय, साहेब." दोरी एमसच्या मुठीत होती, चांगली मोकळी.

तेवढ्यात त्यांच्याच जहाजाला टॉर्पेडो लागला. एमस पाण्यात फेकला गेला आणि कसाबसा पोहत जॉरीपाशी पोचला. तिसरी क्रूझर त्यांच्याच रोखानं येत होती. शिड्या सोडलेल्या, होड्या उतरवायची लगबग चाललेली.

"दादा, आले बघ ते!" जॉरी हसत-रडत म्हणाला. "मी रडलो हे आईला सांगू नकोस हं."

एमसनं मागे वळून पाहिलं. त्याचं जहाज कलंडत होतं, डोलकाठी पाण्याकडे झुकत होती. "नको, नको," तो ओरडला, "तेवढे झेंडे नको!"



डोलकाठी झेंड्यांसकट पाण्याखाली गेली, आणि तिसरी क्रूझर हुकुमाप्रमाणे वळली.