पंधरा टाके

एनोकच्या कयाकच्या बुडाचा शेवटचा जोड त्याच्या आईने, टबिताने, मुद्दाम खराब शिवला.

होडीसाठी सीलचं कातडं शिवताना सुई आरपार जाऊ द्यायची नाही. निम्म्या जाडीतून फिरवून वर काढायची, म्हणजे पाण्याला वाटच राहत नाही. हे इथल्या सात वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. आणि टबिता तर टबिता! तिचा टाका बघायला खाडीपलीकडच्या बायका यायच्या. त्या बाईने पंधरा टाके आरपार घातले, तेही लांब लांब. मदतीला आलेल्या बायकांकडे पाठ करून घातले. लाजेने तिचे कान तापले होते. शिवणींना चरबी चोळायचं कामही तिने स्वतःकडेच ठेवलं आणि तो जोड तेवढा कोरडा सोडला.

तिचा नवरा होसेआ दोन वर्षांपूर्वी समुद्रावर गेला तो आलाच नाही. कयाक तेवढी आली, पालथी. तेव्हाच तिने ठरवलं होतं, पोराला त्या पाण्यावर पाठवायचं नाही. डॅनिश व्यापाऱ्याच्या दुकानात माल उचलायचं काम होतं. पण एनोक ऐकेल तर शपथ! वाहून आलेलं लाकूड गोळा करून हिवाळाभर त्याने घरातच सांगाडा बांधला. एकच खोली, ती सगळी त्यानेच भरली. चुलीपाशी जायचं तर फासळ्या ओलांडून जावं लागे. बावीस वर्षांचा घोडा, पण ही त्याची पहिली कयाक. माप स्वतःच्याच अंगाचं. लांबी तीन वाव, रुंदी कंबर अधिक दोन मुठी.

एक दिवस सांगाड्यात बसून तो म्हणाला, "आई, बघ. अंगरख्यासारखी बसते की नाही?"

"बसते हो," टबिता म्हणाली. तिला तिथे कमरेपर्यंत अडकलेला होसेआ दिसत होता.

तिचा बेत साधा होता. पाण्यात घातली की कयाक पाणी पिणार. वीस हात जायच्या आत एनोकचं बूड भिजणार आणि तो शिव्या देत परत येणार. भोकं पडलेलं कातडं वाया जाणार, आणि नवी कातडी पुढच्या वसंताशिवाय मिळायची नाहीत. एक वर्ष दुकानात काढलं की ऊब आणि कॉफी अंगवळणी पडेल. टबिताची अब्रू जाईल ती जाईल. बायका जन्मभर हसतील, हसू देत मेल्या. पोरगं तर राहील!

तीन दिवसांत कातडं वाळून ढोलासारखं ताणलं गेलं. चौथ्या दिवशी सकाळी एनोकने कयाक पाण्यात घातली. वस्तीतले सगळे गडी आपापल्या कयाक घेऊन पहाटेच उत्तरेच्या खाडीत सीलमागे गेले होते. किनाऱ्यावर पाच-सात बायका आणि खांदा निकामी झालेला म्हातारा पाविया, एवढेच. बरंच झालं, टबिताला वाटलं. हसायला तोंडं कमी.

एनोकने वल्हं उचललं. "जातो थेट बापाच्या शिकारीच्या खडकांवर!"

"अरे शहाण्या, पहिल्या दिवशी खाडीच्या टोकापासूनच वळायचं असतं!" पाविया ओरडला. "खडक गाठायलाच दुपार होईल तुला!"

"तुमच्या बायकोने शिवली असती तर वळलो असतो, पाविया आजोबा! हे माझ्या आईचे टाके आहेत!"

बायका खो खो हसल्या. पावियाही हसला.

टबिता वल्ह्याचे हात मोजत होती. दहा. वीस. आता थबकेल. तीस. आता खाली बघेल. एनोकने मागे वळून बघितलं ते फक्त वल्हं उंच करून दाखवायला. साठ. तो टोकापाशी पोचला, आणि वळला नाही. कयाक सुरेख चालली होती.

"एनोक!" ती पाण्यात गुडघाभर शिरली. "मागे फीर! एनोक!"

वारा जमिनीवरून नव्हता, समुद्रावरून होता. तिचा आवाज तिच्याच तोंडावर आला. एनोक हिमनगाच्या आड गेला आणि दिसेनासा झाला. टबिताला काही कळेना. तो जोड तिने स्वतः शिवला होता. पाणी आत जायलाच हवं होतं.

"सगळ्या आया अशाच," पाविया बायकांना म्हणाला.

तेवढ्यात टबिताची सासू काठी टेकत उतारावरून खाली आली. तिला आता डोळ्यांनी फारसं दिसत नसे, सगळं बोटांनी बघायची. तिने सुनेला चाचपत पाण्यातून बाहेर ओढलं आणि कानाशी तोंड नेलं.

"पोरी, एवढी घाबरू नको. मला ठाऊक आहे."

टबिताने आधी बायकांकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

"आज उजाडताना बुडावरून हात फिरवला, तर बोटांना लागले तुझे टाके. होसेआच्या आठवणीने डोळे भरले असतील तुझे शिवताना, दुसरं काय! म्हटलं, या बायका फाडून खातील माझ्या सुनेला. मग भोकाभोकात चरबी दाबून भरली आणि वरून सारखी केली. कुणाला कळायचं नाही." म्हातारीने तिचा ओला हात थोपटला. "टोकापर्यंत तर जायचंय त्याला. चरबी दुपारपर्यंत टिकते, तोवर थेंबभरसुद्धा पाणी आत जायचं नाही."