डोळ्यावरची पट्टी

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळासाठी मी मराठा आरमारातल्या एका तरुण अधिकाऱ्यावर नाटुकलं लिहिलं होतं. त्याची कारकीर्द एकाच मोसमाची. इंग्रजांनी गलबत घेरलं तरी त्यानं निशाण उतरवलं नाही आणि ऐन विशीत गलबतासकट बुडाला. रंगीत तालमीला मंडळाचा अध्यक्ष गिरीश नायकाचा पोशाख घेऊन आला. कवटी छापलेली टोपी आणि डोळ्यावरची काळी पट्टी! “अरे, हा समुद्री चाचा झाला!” “काकू, नेव्हीवाला ड्रेस आउट ऑफ स्टॉक होता. ॲडजस्ट करा ना. बोटीवरचाच माणूस, कोणाला कळतंय?” माझं डोकंच फिरलं. “मारणारे इंग्रजही त्याला चाचाच म्हणायचे. स्वतःचा किनारा राखणारा चोर आणि सातासमुद्रापलीकडून बळकावायला आलेले साहेब! त्यांचा त्यात फायदा होता. तुझा काय?” मी पट्टी त्याच्या हातात ठेवली. “माझा अधिकारी उघड्या डोळ्यांनी मेला. ही तू बांध.”