आनंद केंद्राची मुलाखत

सकारात्मक मानसशास्त्र शिकवण्यात डॉ. देवानंदांचे केस पिकले. आता विद्यापीठाच्या आनंद केंद्राचं संचालकपद तेवढं मिळायचं राहिलं होतं. बेला या गावच्या घरून व्हिडिओवर दिलेली मुलाखत रंगली, तशी त्यांनी कौतुकानं आईलाही कॅमेऱ्यासमोर बसवलं.

"काय आजी, मुलगा सुखात आहे ना?" अध्यक्षांनी हसून विचारलं.

"कायचं सुख जी?" कुसुमबाई घाईघाईनं म्हणाल्या. "ना धड खात, ना धड झोपत. सदा तोंड पाडून बसते पोट्टं!"

अध्यक्षांचं हसू मावळलं. "कळवतो," म्हणून त्यांनी कॉल बंद केला.

"आई, असं काऊन बोलली वं?" देवानंद रडकुंडीला आले.

कुसुमबाईंनी त्यांच्यावरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या.


"चार लोकायसमोर सुखी हाय म्हणू? नजर लागली असती तं हाती आलेली जागा गेली असती नं, बाप्पा!"