दोन वर्षांची, का तीन?

“बॅटरी धरता का त्यात?” बाई वाळलेले कपडे घेऊन खोलीत आल्या, तेव्हा तात्या फोनवर विचारत होते.

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. तात्यांनी पाठकोऱ्या कागदावर ते टिपून घेतलं.

हा सहावा शनिवार होता. लॅपटॉपची वॉरंटी महिनाअखेर संपत होती. ती वाढवून घ्या, असा कंपनीचा मेसेज आला होता आणि तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता एका मुलीचा फोन यायचा. तात्या नाही म्हणत नव्हते, हो म्हणत नव्हते. लॅपटॉपवर करायचे काय, तर पत्ते खेळायचे.

“दोन वर्षांची झाली? अरे वा,” तात्या म्हणाले. “नीट चालते ना?... बरं, बरं. नाही, माझा विचार चालू आहे अजून. तुम्ही पुढच्या शनिवारी करा. आणि जेवणबिवण वेळेवर होतं ना तुमचं, शिफ्टमध्ये?”

त्यांनी फोन ठेवला. बाईंनी टॉवेलची घडी घातली.

“काय दोन वर्षांची झाली?”

“स्कीम. आधी एकाच वर्षाची होती.”

“आणि विकणारीला जेवण काय विचारता?”

“माणूसच आहे की ती.”

बाईंनी दुसरा टॉवेल उचलला. नवरा-बायकोच्या त्या घरात कुणीच फारसं पुढे बोलत नसे. दूध, गॅस, लाइटचं बिल, उशाजवळच्या गोळ्या, एवढ्यात दिवस भागायचा. बाई एकतीस वर्षं शाळेत होत्या, त्यातली नऊ मुख्याध्यापिका. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पाच वर्षांपूर्वी याच खोलीत उभं राहून त्या म्हणाल्या होत्या, “हा विषय या घरापुरता संपला.” तात्यांनी तेव्हा मान हलवली होती. विषय खरंच संपला. त्याच्याबरोबर आणखीही बरंच काही संपलं, पण दात काढल्यावर हिरडी बधिर असते तसं बाईंना ते जाणवत नव्हतं. जीभ लावून पाहायची सवयही त्यांनी सोडली होती.

सोमवारी त्यांनी लॅपटॉप कापडी पिशवीत घातला आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं मागचे स्क्रू काढले, पंख्यावरची धूळ फुंकली.

“मशीन ठणठणीत आहे, बाई. वॉरंटी कशाला वाढवताय? पाणी सांडलं तर देत नाहीत, खाली पडला तर देत नाहीत, बॅटरी तर धरतच नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.”

“यांना पटत नाही. दर शनिवारी तासभर बोलत बसतात.”

दुरुस्तीवाल्याचा हात थांबला. “एवढे फोन? कंपनीवाले दोनदा करतात, फार तर तीनदा. जपा हो. गोड बोलून बोलून एक दिवस बँकेचा नंबर मागतात.”

बाई घरी आल्या. तात्या आंघोळीला गेले होते. त्यांच्या डायरीत तो पाठकोरा कागद घडी करून ठेवलेला होता. बॅटरी, स्क्रीन, घरपोच सेवा, असं वर लिहिलेलं. खाली नुसतेच आकडे: अकरा किलो, दात बारा. बाईंना त्याचा अर्थ लागला नाही. माणसाचं डोकं वयानं चालेनासं होतं, हे त्यांनी ऐकलं होतं. वाईट वाटायला हवं होतं. त्यांनी कागद परत जागेवर ठेवला आणि भाजी चिरायला घेतली.

रात्री जेवताना त्या म्हणाल्या, “त्या मुलीला नाही म्हणून सांगा.”

तात्यांचा घास हातातच राहिला. “एकदम नाही कसं म्हणायचं?”

“तोंडानं म्हणायचं. तुम्हाला फसवतायत ते.”

“नाही गं. तसं नाही.”

“मग कसं?”

तात्यांनी ताटाकडे पाहिलं. “सांगतो शनिवारी,” ते म्हणाले, आणि उरलेला भात त्यांनी ताटातच ठेवला. अन्न टाकणाऱ्यातले नव्हते ते. बाईंनी पाहिलं आणि ताटं उचलली.

शनिवारी दुपारी तात्या दूध आणायला खाली उतरले. फोन चार्जिंगला लावलेला होता. चारला अजून अर्धा तास होता, आणि फोन वाजला. पडद्यावर नाव होतं: वॉरंटी.

बाईंनी हात पुसले. शाळेत पालकांना बोलावून घेताना त्या जशा ताठ उभ्या राहत, तशा उभ्या राहिल्या आणि त्यांनी फोन कानाला लावला.

पलीकडून कुणी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “हे पाहा, आम्हाला तुमचं काहीही नको आहे. भोळ्या माणसाला नादी लावता, लाज वाटत नाही? आजपासून या घरात फोन करायचा नाही. समजलं?”

पलीकडे काहीतरी खुडबुडलं. मग फोनच्या अगदी जवळून एक बोबडा आवाज आला.

“आजोबा?”

घाईनं फोन कुणीतरी काढून घेतल्यासारखी खरखर झाली. बाईंनी टेबलाची कड धरली.

“समजलं, आई,” पलीकडची म्हणाली. “ठेवते मी.”

जिन्यात तात्यांची पावलं वाजली. बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“ठेवू नकोस,” त्या म्हणाल्या.