एका कॉफीपुरती भेट

"मग घड्याळच नको," मेजर किमेली म्हणाला.

दोन्ही कॅप्टनांनी माना वर केल्या. कोरड्या नदीपात्रात, सीमेवरच्या उंबराखाली, शांतिसेनेने मांडलेल्या टेबलाच्या दोन बाजूंना ते सकाळपासून बसले होते. एका बाजूला एरिट्रियाचा ओक्बाय, दुसऱ्या बाजूला इथिओपियाचा किरोस. प्रश्न एकच होता. ओक्बायच्या काठावरच्या लेतेकिदान या म्हातारीने किरोसच्या काठावर दिलेल्या लेकीला, अझेबला, किती वेळ भेटावे? लढाईनंतर नदी ओलांडणे बंद झाले होते. मधल्या काळात अझेबला मुलगी झाली होती आणि आजीने नातीला अद्याप पाहिले नव्हते.

एक भेट पूर्वी ठरली होती, तीन वाजता. इथिओपियातले तीन म्हणजे सूर्योदयानंतरचा तिसरा तास, सकाळचे नऊ. एरिट्रियातले तीन म्हणजे दुपारचे. अझेब सकाळी बाळाला घेऊन आली आणि वाट पाहून परत गेली. लेतेकिदान दुपारी आली आणि वाट पाहून परत गेली. दोघीही अगदी वेळेवर आल्या होत्या. तेव्हापासून, दुसऱ्याचे घड्याळ मान्य करणे म्हणजे जमीन सोडणे, याविषयी दोन्ही कॅप्टनांचे एकमत होते. त्यांचे एकमत असलेला तो एकमेव विषय होता.

शांतिसेनेतला किमेली केनियाचा. सैन्यात येण्यापूर्वी त्याने जमिनीची मोजणी केली होती. माप असे निवडावे की जे दोन्ही पक्षांकडे सारखे असेल, एवढा एक नियम त्याने त्या धंद्यातून आणला होता.

"दोन्ही काठांवर एक गोष्ट सारखीच मोजतात," तो म्हणाला. "एक कॉफी, तीन फेऱ्यांची. ती संपली की भेट संपली."

ओक्बायला हे फार थोडे वाटले, म्हणून त्याने होकार दिला. किरोसलाही तसेच वाटले. मात्र दोघांनी मिळून एक अट घातली. भेट एकदाच, तिच्यानंतर पुन्हा अर्ज करायचा नाही.

शनिवारी लेतेकिदान मातीची सुरई, शेगडी, कॉफीच्या कच्च्या बिया आणि मक्याच्या लाह्या घेऊन उंबराखाली आली. अझेबने मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीने बिया एका हातानेच भाजल्या. बाळ धरू का, असे मेजरने विचारून पाहिले. तिने ऐकले नसल्यासारखे केले.

बिनकानाच्या इवल्या कपांत पहिली फेरी आली. ती सर्वांनी आपापल्या कपात पाहतच संपवली. दुसरी आली तेव्हा जिभा सैल झाल्या.

"तुमच्याकडे कॉफीत आलं घालतात," किरोस म्हणाला. "ही कॉफी आहे की खोकल्याचा काढा?"

"बिया तुमच्याकडच्या आहेत, बाबा," ओक्बाय म्हणाला. "औषध घालावंच लागतं."

दोघेही हसले आणि आपापल्या शिपायांनी ते पाहिले नाही ना, याची त्यांनी खात्री करून घेतली.

मग तिसऱ्या कपाची वेळ आली. तिसरा कप बरकतीचा. तो प्यायल्याशिवाय कोणी उठत नाही आणि तो प्यायल्यावर कोणी थांबत नाही. अझेबने बाळ परत घेण्यासाठी हात पुढे केले. लेतेकिदानने ते पाहूनही मांडी हलवली नाही. पहिला मान पाहुण्याचा. तिने सुरई मेजरच्या कपावर वाकवली.

मेजरने कपावर तळहात ठेवला.

"दोन झाल्या, माई. तिसरी मला झोपू देत नाही."

"घोटभर घे, लेकरा. तिच्याशिवाय कॉफी पुरी होत नाही."

"ठाऊक आहे," मेजर म्हणाला.

सुरई हवेतच राहिली. ओक्बायने किरोसकडे पाहिले. किरोस शेगडीकडे पाहत होता. थोड्या वेळाने ओक्बायने आपला कप झाकला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याला सकाळपासून पित्त झाले होते. मग किरोसचाही तळहात कपावर गेला.

"मलाही नको," तो म्हणाला. "आलं फार झालंय."

लेतेकिदानने सुरई परत शेगडीवर ठेवली.

पुढे किमेलीची बदली झाली. नवा मेजर कागदपत्रे वाचून आला होता. पहिल्याच शनिवारी त्याला उंबराखाली शेगडी पेटलेली दिसली. शेजारी दोन कॅप्टन भाजलेल्या बियांवरून वाद घालत होते आणि एक चिमुरडी सांडलेल्या लाह्या वेचत दोन्ही काठांकडे पळत होती. भेट एकदाच मंजूर झाली होती. ती किती वेळा झाली, असे त्याने म्हातारीला जरा करड्या आवाजात विचारले.

"एकदाच," लेतेकिदान त्याच्यापुढे कप ठेवत म्हणाली. "ती अजून चालू आहे. बस, लेकरा, दोन कप घे. तिसरा मात्र मागू नकोस."