खळीवाल्याचं कार्ड

सहाव्या दिवशीही पाकीट आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती दुकानातून धावत घरी आली होती. पत्रपेटीत कोपरापर्यंत हात घालून तिनं चाचपलं. विजेचं बिल निघालं, दातांच्या दवाखान्याची जाहिरात निघाली. टाचणीकडून काहीच नव्हतं.

टाचणीला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. जपानी बँडच्या चाहत्यांचा एक ऑनलाइन गट होता, त्यात कुणीतरी या नावानं वावरायचं. बँड सात पोरांचा, मागच्या वर्षी फुटला. जाता जाता त्यांनी शेवटचा अल्बम काढला, आणि प्रत्येक खोक्यात सातांपैकी एकाचं फोटोकार्ड घातलं. कुणाचं निघेल ते ज्याचं त्याचं नशीब. तिनं नऊ खोकी मागवली. सातांतला सगळ्यात उंच, तो लंबू, चार वेळा निघाला. गालाला खळी पडणारा खळीवाला एकदाही नाही, आणि तिचा जीव नेमका खळीवाल्यावर.

"नऊच्या नऊ सारखीच?" आईनं तेव्हा विचारलं होतं. "आतली गाणी तरी वेगळी आहेत का?"

"नाही."

"मग लंबूशीच जमवून घे की. चार वेळा दारात आलाय बिचारा."

बाकी तिचा संग्रह बघण्यासारखा होता. पहिल्या गाण्यापासूनची प्रत्येक डिस्क, कडेच्या कागदी पट्टीसकट. एक ऐकायला, एक न फोडता ठेवायला. मार्चमध्ये तर कॉन्सर्टचं दुर्मीळ कार्डही पदरात पडलं होतं. आता कार्डांच्या वहीत एकच कप्पा रिकामा होता आणि वही उघडली की नजर आधी तिथंच जायची.

टाचणीकडे खळीवाला होता. "मलाही अदलाबदलीतच मिळाला," असं तिनं लिहिलं होतं. पण बदल्यात तिला पहिल्या गाण्याचं कार्ड हवं होतं. ते हिच्या मोठ्या बहिणीनं परदेशातून आणलेलं. हे सगळं वेड त्या एका कार्डापासून सुरू झालं होतं. तीन दिवस ती ते कार्ड वहीतून काढून पुन्हा आत ठेवत राहिली. चौथ्या दिवशी मन घट्ट करून तिनं ते पाठवून दिलं, आणि घरी येऊन चक्क रडली.

गटात तिला सगळे 'तपासनीस' म्हणायचे. हल्ली नकली कार्डांची बोंब होती, म्हणून कार्ड घेण्याआधी जो तो फोटो तिला दाखवायचा. छपाई, चकाकी, मागचा मजकूर, सगळं ती खडान्‌खडा सांगायची. टाचणीनंही जाड प्लास्टिकच्या कव्हरातल्या खळीवाल्याचा फोटो टाकला होता. "ताई, तुम्हीच सांगा, खरं आहे ना? मला काही कळत नाही."

"शंभर टक्के खरं," तिनं सगळ्यांसमोर उत्तर दिलं होतं.

ती दुकानात परतली. पासपोर्ट फोटो आणि ओळखपत्रं बनवायचं दुकान. आज एका शाळेची ओळखपत्रं होती. छापायची, कापायची, मग यंत्रात घालून चारही कोपरे गोल करायचे. त्या यंत्राच्या पात्याला कधीचीच खाच पडली होती, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर एक बारीक दात राहायचा. डोळ्याला दिसायचा नाही, पण नखाला लागायचा.

"मालक, पातं बदला हो."

"अगं, ओळखपत्राचा कोपरा कोण चाचपत बसतंय?"

"मी बसते."

"मग तूच बदल."

एवढ्यात फोन वाजला. टाचणीचा मेसेज! "ताई, तुमचं कार्ड कालच मिळालं. काय जपलंय तुम्ही! माझं पोचलं का?"

म्हणजे आपलं कार्ड तिकडे पोचलं, आणि इकडे ठणठणगोपाळ. दोन ओळखपत्रं वाकडी कापली गेली.

"फसवलं तिनं मला," संध्याकाळी ती आईला म्हणाली. "जगात काय काय माणसं असतात!"

"पोस्टात अडकलं असेल. तुला सगळेच चोर का दिसतात गं?"

"तुला काही कळत नाही यातलं!" ती इतक्या जोरात ओरडली की आई भाजी चिरता चिरता थांबली.

आठव्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू दारात उभ्या. हातात पाकीट. "आमच्या पेटीत पडलं होतं गं. आम्ही होतो बाहेरगावी, आज आलो तेव्हा बघितलं."

तिला काकूंना मिठी मारावीशी वाटली. टाचणीबद्दल मनात काय काय आणलं होतं, ते आठवून तिची तिलाच लाज वाटली. हात पुसून, दार लावून ती टेबलाशी बसली. पुठ्ठा, मग फुग्यांचं प्लास्टिक, मग एक चिठ्ठी: "ताई, तुम्ही खरं म्हणालात म्हणून निर्धास्त पाठवतेय. नाहीतर मनात धाकधूक होती."

जाड कव्हरातून तिनं खळीवाल्याला अलगद बाहेर काढलं. तीच खळी, तेच तिरकं हसू. वहीतला रिकामा कप्पा समोर उघडा होता. दुकानात दिवसभर करायची तसं, नकळत, तिचं नख कार्डाच्या कोपऱ्यावरून फिरलं.

अडकलं.

तिनं दुसरा कोपरा पाहिला. मग तिसरा. मग चौथा.

"आलं ना एकदाचं?" आईनं आतून विचारलं. "खरं आहे ना?"

तिनं वही मिटली. मार्च महिन्यात, मालक जेवायला गेलेले असताना, हे कार्ड तिनं स्वतःच छापलं होतं, त्याच यंत्रात घालून कोपरे गोल केले होते, आणि कॉन्सर्टच्या कार्डाच्या बदल्यात खरं म्हणून एका अनोळखी पोरीच्या गळ्यात मारलं होतं.