मस्कतचा अर्जन

मस्कतला सुदाम आणि अर्जन सहा वर्षं एका खोलीत राहिले, पण पाळ्या अशा उलट्या, की एक कामाला निघायचा तेव्हा दुसरा गाढ झोपलेला असायचा. त्याच्यासाठी डाळभात झाकून ठेवायचा आणि चपला हातात घेऊन चवड्यांवर बाहेर पडायचं, ही त्यांची दोस्ती.

दहा वर्षांनी, २००७च्या दिवाळीत, अर्जन उल्हासनगरहून सुदामच्या बदलापूरच्या घरी जेवायला आला. सुदामला चेहरा काही केल्या ओळखीचा वाटेना.

"अहो, नक्की हेच ना ते?" द्रौपदीने स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

जेवण झालं आणि पाहुणा दिवाणावर तोंड उघडं टाकून घोरू लागला.

"हाच गं, हाच!" सुदाम हरखून कुजबुजला आणि चपला हातात घेऊन, चवड्यांवर, कुल्फी आणायला निघाला.